विधान परिषदेच्या बारा खुर्च्या

महाराष्ट्र विधान परिषदेतील राज्यपालनियुक्त बारा जागा जून २०२० मध्ये रिकाम्या झाल्या. त्यांतल्या पहिल्या सात भरायला १५ ऑक्टोबर २०२४ उजाडला. मधल्या चार वर्षांत दोन मुख्यमंत्री आणि तीन राज्यपाल झाले, उच्च न्यायालयाचा एक निकाल लागला आणि सर्वोच्च न्यायालयाची एक स्थगिती येऊन उठली. लोकांनी थेट न निवडलेल्या सभागृहाला किती अधिकार असावेत, हा वाद जगात अनेक देशांत झाला आहे. महाराष्ट्रातल्या वादाची जात थोडी वेगळी होती. सभागृहाचे अधिकार घटनेने ठरवूनच टाकले होते. त्यातल्या खुर्च्यांवर कोणाला बसवायचे, कोणी बसवायचे आणि मुख्य म्हणजे केव्हा बसवायचे, यावर ही झुंज झाली.

परिषदेत एकूण ७८ सदस्य असतात. तीस जणांना विधानसभेचे आमदार निवडतात. बावीस जण नगरपालिका, महानगरपालिका आणि जिल्हा परिषदांसारख्या स्थानिक संस्थांच्या सदस्यांच्या मतांवर येतात. सात पदवीधरांचे, सात शिक्षकांचे, आणि उरलेले बारा राज्यपाल नेमतात. सदस्याची मुदत सहा वर्षे. दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. विधानसभेसारखी परिषद कधी बरखास्त होत नाही.

ही रचना यवतमाळ जिल्ह्यातल्या बाभुळगावसारख्या तालुक्याच्या गावातून पाहिली की चांगली कळते. बाभुळगावच्या सामान्य मतदाराने आमदार निवडला, की त्या आमदाराच्या मतातून परिषदेचे तीस सदस्य ठरतात. त्याने नगरसेवक निवडला, तर तो नगरसेवक यवतमाळ स्थानिक प्राधिकारी मतदारसंघात मत देतो. गावातला पदवीधर नाव नोंदवून अमरावती विभाग पदवीधर मतदारसंघात स्वतः मतदान करू शकतो. माध्यमिक शाळेतल्या किंवा त्यावरच्या वर्गांच्या शिक्षकाला अमरावती विभागाचा शिक्षक मतदारसंघ आहे. म्हणजे चार वाटांनी गावाचे मत परिषदेपर्यंत पोचते, त्यांतल्या दोन वाटा आडवळणाच्या. पाचवी वाट मात्र कोणत्याच मतदाराच्या दारावरून जात नाही. ती मंत्रिमंडळाच्या बैठकीतून निघते आणि राजभवनात संपते.

वऱ्हाडाला हे दुसरे सभागृह मुळात उशिरा मिळाले. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने मुंबई, मद्रास, बंगाल, संयुक्त प्रांत, बिहार आणि आसाम या सहा प्रांतांत दोन सभागृहे आणली. मध्य प्रांत व वऱ्हाडाचा कारभार नागपूरच्या एकाच विधानसभेवर चालला. पुढे घटना समितीत हा प्रश्न आला, तेव्हा प्रत्येक प्रांताच्या प्रतिनिधींनाच आपापला निर्णय घ्यायला सांगितले गेले. मुंबईच्या प्रतिनिधींनी वरिष्ठ सभागृह ठेवायचे ठरवले. मध्य प्रांत व वऱ्हाड, आसाम आणि ओरिसा यांनी नको म्हटले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीही प्रांतिक वरिष्ठ सभागृहांकडे एक प्रयोग म्हणूनच पाहिले होते, आणि नको असेल तेव्हा ते काढून टाकण्याची सोपी वाट घटनेतच ठेवली गेली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि यवतमाळला विधान परिषद मिळाली. ज्या प्रांताच्या प्रतिनिधींनी ती नाकारली होती, त्याच प्रांतातल्या मराठी जिल्ह्यांना ती राज्य बदलल्यामुळे लाभली, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

परिषदेच्या अधिकारांचा नमुना मात्र लंडनहून आला. १९०९ साली अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांचा अर्थसंकल्प ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने फेटाळला. हे सभागृह तेव्हा मुख्यतः वंशपरंपरेने बसलेल्या सरदारांचे होते. त्यातून १९१० या एकाच वर्षात दोन सार्वत्रिक निवडणुका झाल्या. लॉर्ड्सचे अधिकार कमी करणारे विधेयक अडले तर हवे तितके नवे सरदार नेमून बहुमत फिरवू, असे वचन सरकारने राजा पाचव्या जॉर्जकडून घेतले. ऑगस्ट १९११ मध्ये लॉर्ड्सनी १३१ विरुद्ध ११४ मतांनी स्वतःच्या अधिकारांची कपात मान्य केली. पैशाच्या विधेयकावर त्यांचा नकार संपला, इतर विधेयके फक्त काही काळ लांबवता येतील एवढेच हाती राहिले. १९४९ च्या कायद्याने ती मुदतही कमी झाली.

भारताच्या घटनाकारांना हे भांडण पुन्हा भांडायचे नव्हते. त्यांनी त्याचा निकाल आधीच लिहून ठेवला. कलम १९८ प्रमाणे धनविधेयकावर परिषदेला चौदा दिवस मिळतात, तेही फक्त शिफारशी करायला. त्या स्वीकारायच्या की नाही, हे विधानसभा ठरवते. साध्या विधेयकाबाबत कलम १९७ आहे. परिषदेने ते फेटाळले, किंवा तीन महिने अडवून धरले, किंवा विधानसभेला अमान्य असलेल्या दुरुस्त्या सुचवल्या, तर विधानसभा ते पुन्हा मंजूर करू शकते. त्यानंतर परिषदेच्या हाती एकच महिना राहतो. तो सरला की विधेयक दोन्ही सभागृहांनी मंजूर केले असे धरले जाते. लोकसभा आणि राज्यसभेसाठी संयुक्त बैठकीची तरतूद आहे, राज्यात तीही नाही. मंत्रिमंडळ विधानसभेलाच जबाबदार असते. खात्यांच्या अनुदानाच्या मागण्यांवर परिषद मतदान करत नाही. राष्ट्रपतींच्या आणि राज्यसभेच्या निवडणुकीत परिषदेच्या सदस्यांना मत नाही.

एवढे हात बांधलेल्या सभागृहासाठी राजकारण इतके का पेटावे? कारण चार महिन्यांचा विलंब ही सरकारच्या दृष्टीने लहान गोष्ट नसते, आणि त्याहून मोठे म्हणजे परिषद ही सत्तेत शिरण्याची बाजूची वाट आहे. विधानसभा न लढलेल्या नेत्याला ती मंत्रिपदावर, अगदी मुख्यमंत्रिपदावरही टिकवू शकते. पृथ्वीराज चव्हाण २०१० मध्ये मुख्यमंत्री झाले आणि पुढे परिषदेचे सदस्य म्हणूनच त्या पदावर राहिले. विधानसभेत बहुमत असूनही परिषदेत ते नसले तर सरकारला काय करावे लागते, हे मार्च २०१५ मध्ये दिसले. सभापती शिवाजीराव देशमुख यांच्यावर राष्ट्रवादी काँग्रेसने आणलेला अविश्वास ठराव सत्ताधारी भारतीय जनता पक्षाच्या पाठिंब्याने मंजूर झाला आणि रामराजे नाईक निंबाळकर सभापती झाले. एरवी समोरासमोर असलेल्या पक्षांना त्या आसनासाठी हात मिळवावासा वाटला.

परिषदेचे काम केवळ सोय लावण्याचे होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९६० ते १९७८ सभापती असलेले वि. स. पागे यांनी रोजगार हमी योजनेची कल्पना मांडली, सांगली जिल्ह्यातल्या तासगावात ती करून पाहिली आणि दुष्काळाच्या काळात तिचे रूपांतर राज्याच्या योजनेत झाले. मागेल त्याला काम देण्याची कायदेशीर हमी नंतर देशाने २००५ साली स्वीकारली. त्या कल्पनेचा धनी या कमकुवत म्हटल्या जाणाऱ्या सभागृहाच्या आसनावर बसलेला होता. वऱ्हाडानेही परिषदेला मोठी माणसे दिली. अमरावती जिल्ह्यातल्या दारापूरचे रा. सू. गवई आधी उपसभापती आणि मग सभापती झाले. ‘लोकमत’चे संस्थापक जवाहरलाल दर्डा यांचा जन्म बाभुळगावचा. स्वातंत्र्यचळवळीतून आलेले दर्डा अनेक वर्षे परिषदेचे सदस्य आणि राज्याचे मंत्री होते.

राज्यपालनियुक्त बारा जागांमागचा हेतू तर आणखी चांगला होता. साहित्य, विज्ञान, कला, सहकारी चळवळ आणि समाजसेवा यांत विशेष ज्ञान किंवा अनुभव असलेल्यांना राज्यपालांनी नेमावे, असे कलम १७१ सांगते. राज्यसभेच्या नियुक्त सदस्यांच्या यादीत सहकाराचा उल्लेख नाही. राज्यांच्या परिषदांसाठी तो मुद्दाम घातलेला आहे, आणि साखर कारखाने व सूतगिरण्यांच्या महाराष्ट्राला तो शोभतो. ग. दि. माडगूळकर या वाटेने परिषदेत आले. १९७८ मध्ये ना. धों. महानोर आले आणि शेती, पाणी, फळबागा यांवर त्यांनी सभागृहात शेतकऱ्याच्या अनुभवाने बोलून दाखवले. निवडणुकीच्या फडात जे कधी उतरले नसते, अशांचा आवाज सभागृहाला मिळावा ही कल्पना त्या काळात खरी ठरली. पुढे पक्षांनी या जागा पराभूत उमेदवारांना, नाराज नेत्यांना आणि मित्रपक्षांना वाटायला सुरुवात केली. हा दोष एका पक्षाचा नाही.

२०२० चा संघर्ष दोन टप्प्यांत झाला. उद्धव ठाकरे यांनी २८ नोव्हेंबर २०१९ रोजी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली, तेव्हा ते कोणत्याच सभागृहाचे सदस्य नव्हते. कलम १६४ अशा मंत्र्याला सहा महिने देते. ती मुदत मे २०२० अखेर संपत होती, आणि करोनामुळे परिषदेच्या निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या होत्या. राज्यपालनियुक्त जागांपैकी दोन जागा राजीनाम्यांमुळे रिकाम्या होत्या. मंत्रिमंडळाने ९ एप्रिलला ठाकरे यांचे नाव सुचवले, उत्तर आले नाही, म्हणून २७ एप्रिलला पुन्हा सुचवले. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी नियुक्ती केली नाही. ३० एप्रिलला त्यांनी निवडणूक आयोगाला निवडणूक घेण्याची विनंती केली, आयोगाने ती मान्य केली आणि १४ मे रोजी ठाकरे बिनविरोध निवडून आले. १९५२ साली मद्रासमध्ये राज्यपाल श्रीप्रकाश यांनी राजगोपालाचारींना परिषदेवर नेमून त्यांचा मुख्यमंत्रिपदाचा मार्ग मोकळा केला होता आणि त्यावर मोठी टीका झाली होती. तो दाखला पाहता बिनविरोध का होईना, निवडणुकीने आलेला मुख्यमंत्री हा शेवट बरा झाला. पण राज्याने साथीच्या ऐन भरात तीन आठवडे आपला मुख्यमंत्री राहतो की जातो या चिंतेत काढले.

दुसरा टप्पा लांबला. जूनमध्ये बाराही जागा रिकाम्या झाल्यावर ठाकरे यांच्या महाविकास आघाडी मंत्रिमंडळाने बारा नावे ठरवली. ६ नोव्हेंबर २०२० रोजी तीन मंत्र्यांनी ती यादी राजभवनात नेऊन दिली. शिवसेना, राष्ट्रवादी काँग्रेस आणि काँग्रेस यांची प्रत्येकी चार नावे होती. त्यात एकनाथ खडसे आणि राजू शेट्टी यांच्यासारखे मुरलेले राजकारणी होते, तसेच गायक आनंद शिंदे आणि झाडीपट्टीच्या रंगभूमीवरचे कलावंत अनिरुद्ध वनकर हेही होते. राज्यपालांनी यादी स्वीकारली नाही, फेटाळली नाही, परतही पाठवली नाही.

नाशिकच्या एका रहिवाशाने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती गि. स. कुलकर्णी यांच्या खंडपीठाने १३ ऑगस्ट २०२१ रोजी दिलेला निकाल या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे. कलम ३६१ मुळे राज्यपाल आपल्या कामाबद्दल न्यायालयाला उत्तरदायी नाहीत, त्यामुळे त्यांना आदेश देता येत नाही, हे न्यायालयाने मान्य केले. पण मंत्रिमंडळाने नावे पाठवली की ती स्वीकारणे किंवा हरकत कळवून परत पाठवणे हे राज्यपालांचे घटनात्मक कर्तव्य आहे, आणि ते वाजवी वेळेत झाले पाहिजे, असेही स्पष्ट सांगितले. आठ महिने हा काळ पुरेसा होऊन गेला, असे न्यायालयाचे मत पडले. कर्तव्य आहे, उशीर झाला आहे, तरी हुकूम सुटणार नाही, अशी ही स्थिती. न्यायालयाच्या बोलण्याचा मान राखला जाईल, या विश्वासावर निकाल सोडला गेला. तो विश्वास फळला नाही. यादी पुढे आणखी वर्षभर पडून राहिली.

जून २०२२ च्या अखेरीस सरकार गेले. एकनाथ शिंदे यांच्या मंत्रिमंडळाने जुनी यादी मागे घेत असल्याचे कळवले आणि सप्टेंबरमध्ये राज्यपालांनी ते मान्य केले. जवळपास दोन वर्षे ज्या यादीवर निर्णय झाला नव्हता, ती परत घेण्याचा निर्णय थोड्या दिवसांत झाला. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने या जागा भरायला स्थगिती दिली, ती जुलै २०२३ मध्ये याचिका मागे घेतल्यावर उठली. मग यादी मागे घेण्यालाच उच्च न्यायालयात आव्हान मिळाले. त्या याचिकेवरचा निकाल राखून ठेवलेला असताना, विधानसभा निवडणूक जाहीर होण्याच्या दिवशीच, १५ ऑक्टोबर २०२४ ला सात नव्या सदस्यांचा शपथविधी झाला. राज्यपाल तेव्हा सी. पी. राधाकृष्णन होते. सातांमध्ये बंजारा समाजाचे श्रद्धास्थान असलेल्या पोहरादेवीचे बाबूसिंग महाराज राठोड होते, चित्रा वाघ, पंकज भुजबळ, हेमंत पाटील असे पक्षांचे कार्यकर्ते आणि नेतेही होते. पाच जागा तेव्हाही मोकळ्याच ठेवल्या गेल्या. ९ जानेवारी २०२५ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. राज्यपालांनी निर्णय घेतलाच नव्हता, त्यामुळे नवे मंत्रिमंडळ जुनी शिफारस मागे घेऊ शकते, असा त्याचा आशय.

दोन्ही निकाल एकत्र वाचले की घटनेतली फट नीट दिसते. राज्यपालांनी निर्णय घ्यायला हवा होता, हे पहिला निकाल सांगतो. निर्णय न घेतल्यामुळे नव्या सरकारला मोकळीक मिळाली, हे दुसऱ्या निकालातून निघते. म्हणजे टाळाटाळीची किंमत टाळणाऱ्याला मोजावी लागली नाही. लोकांनी निवडलेल्या विधानसभेचा विश्वास असलेल्या मंत्रिमंडळाची शिफारस निव्वळ वाट पाहायला लावून निकामी करता येते, हे या प्रकरणाने दाखवून दिले. हा अधिकार घटनेच्या कोणत्याही कलमात लिहिलेला नाही. तो मुदतीच्या अभावातून तयार झाला आहे.

तेलंगणातही असेच झाले, फक्त तिथे राज्यपालांनी गप्प न बसता सप्टेंबर २०२३ मध्ये दोन नावे कारण देऊन नाकारली. मार्च २०२४ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने तो नकार रद्द केला. नकार कागदावर आला की तो न्यायालयात तपासता येतो. मौन तपासायला कागदच नसतो. विधेयकांवर राज्यपालांनी किती दिवसांत निर्णय घ्यावा, हा याचा जुळा प्रश्न. एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्यासाठी मुदती आखून दिल्या. राष्ट्रपतींनी त्यावर मत मागवले, आणि २० नोव्हेंबर २०२५ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितले की घटनेत नसलेली मुदत न्यायालय घालू शकत नाही. फार लांबलेल्या, कारण न दिलेल्या दिरंगाईत मर्यादित निर्देश मात्र देता येतील. या पीठाचे प्रमुख सरन्यायाधीश भूषण गवई होते, विधान परिषदेचे एकेकाळचे सभापती रा. सू. गवई यांचे चिरंजीव.

खुर्च्या रिकाम्या राहण्याचा रोग राजभवनापुरता नाही. यवतमाळ स्थानिक प्राधिकारी मतदारसंघाचे उदाहरण घ्यावे. फेब्रुवारी २०२० च्या पोटनिवडणुकीत इथून शिवसेनेचे दुष्यंत चतुर्वेदी निवडून आले. सगळ्या जिल्ह्याचे मिळून मतदार पाचशेच्याही आत होते. डिसेंबर २०२२ मध्ये ती मुदत संपली आणि जागा रिकामी झाली. अशा मतदारसंघात निवडणूक घ्यायची तर किमान ७५ टक्के स्थानिक संस्था अस्तित्वात असाव्या लागतात. जिल्हा परिषद आणि नगरपरिषदांच्या मुदती संपून तिथे प्रशासक बसले होते, कारण राज्यभरच्या निवडणुका इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाच्या खटल्यात अडकल्या होत्या. बाभुळगाव नगरपंचायतीची निवडणूक मात्र डिसेंबर २०२१ आणि जानेवारी २०२२ मध्ये पार पडलेली होती. गावाकडे नगरसेवक होते, त्यांना परिषदेसाठी मताचा हक्क होता, पण तो वापरायला निवडणूकच नव्हती. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक निवडणुका चार महिन्यांत घ्या, असे सांगितले तेव्हाही ही जागा रिकामीच होती.

सभापतींच्या आसनाचीही तीच कथा. जुलै २०२२ मध्ये ते रिकामे झाले आणि राम शिंदे यांची निवड १९ डिसेंबर २०२४ ला नागपूर अधिवेशनात झाली. तोवर उपसभापती नीलम गोऱ्हे यांनी कामकाज चालवले. सभापती लवकरात लवकर निवडावा, असे कलम १८२ म्हणते. ‘लवकर’ म्हणजे अडीच वर्षे, असा अर्थ घटनाकारांच्या मनात खचितच नव्हता.

विधान परिषदच नको, असे म्हणणाऱ्यांसाठी वाट सोपी आहे. कलम १६९ प्रमाणे विधानसभेने एकूण सदस्यांच्या बहुमताने आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या दोन तृतीयांश बहुमताने ठराव करायचा, मग संसदेने साधा कायदा करायचा. परिषदेची संमती लागत नाही. पश्चिम बंगाल, पंजाब आणि तमिळनाडू यांनी आपापल्या परिषदा अशाच बंद केल्या. आंध्र प्रदेशाने १९८५ मध्ये बंद केलेली परिषद २००७ मध्ये परत आणली. जानेवारी २०२० मध्ये तीन राजधान्यांची विधेयके परिषदेने अडवल्यावर तिथल्या विधानसभेने परिषदच पुन्हा रद्द करण्याचा ठराव केला आणि पुढच्या वर्षी तो मागे घेतला. आज देशात सहाच राज्यांत विधान परिषद आहे. महाराष्ट्र त्यांतले एक.

परिषद ठेवायची असेल, तर तिच्या खुर्च्या वेळेवर भरल्या गेल्या पाहिजेत. बारा सदस्यांच्या नियुक्तीबाबत मंत्रिमंडळाची शिफारस आल्यापासून ठरावीक दिवसांत राज्यपालांनी ती मान्य करावी किंवा कारणे लिहून परत पाठवावी, एवढे एक वाक्य कलम १७१ मध्ये घालता येईल. न्यायालय ते लिहू शकत नाही, हे २०२५ च्या मतानंतर स्पष्ट आहे. ती घटनादुरुस्ती संसदेने करायची आहे, आणि महाराष्ट्राच्या लोकसभेतल्या ४८ खासदारांनी तिचा आग्रह धरला पाहिजे.